आंबोलीत पावसाळ्यात दिसणारा हिरवा, लाल पायांचा बेडूक कोणता? तो खरंच उडतो का आणि काय खातो?

तुम्ही वर्णन केलंय तो बहुधा मलबारी उडता बेडूक. आपल्या सह्याद्रीतला सगळ्यात देखणा बेडूक कोणता असं मला विचारलं तर मी याचंच नाव घेईन. पश्चिम घाट सोडून तो जगात कुठेही नाही.

चांगला मोठा, साधारण 10 सेंटीमीटरपर्यंत. मादी नरापेक्षा मोठी. पाठ पोपटी हिरवी, पोट फिकट पिवळसर. पानावर पाय मुडपून बसला की समोर असूनही दिसत नाही, कारण बोटांमधले लाल-केशरी पडदे अंगाखाली झाकलेले असतात. उडी मारताना तेच पडदे पसरतात आणि तो हवेत तरंगत 9 ते 12 मीटर लांब जाऊन उतरतो. पक्ष्यासारखं उडणं नाही हे. उंचावरून खाली येताना पडदे हवा अडवतात, म्हणून पडण्याचा वेग कमी होतो. बोटांच्या टोकांना चकत्या असतात, त्यामुळे ओल्या पानावरही पकड सुटत नाही.

खाणं म्हणजे किडे. रात्री हालचाल टिपायची आणि चिकट जिभेने उचलायचं.

एरवी तो सदाहरित आणि पानझडी जंगलात उंच फांद्यांवर असतो, म्हणून सहसा नजरेस पडत नाही. पावसाळ्यात मात्र अंडी घालायला खाली उतरतो. साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या फांदीला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा पांढरा फेसाचा गोळा लटकलेला दिसला, तर ते याचं घरटं असू शकतं. मादी अंगातून स्रवणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून फेस करते आणि अंडी त्यातच घालते. बाहेरचा थर सुकतो, आत ओल टिकते. पिल्लं बाहेर आली की थेट खालच्या पाण्यात टपकतात, म्हणून जागा अचूक निवडावी लागते. कधी कधी आजूबाजूची पानंही घरट्याला गुंडाळलेली दिसतात.

हे पाणी म्हणजे बऱ्याचदा रस्त्याकडेचं डबकं किंवा घरामागची टाकी असते. तेव्हा फांदी वाकवून फोटो काढू नका, घरटं खालच्या पाण्यावरून सरकलं की पिल्लं जमिनीवर पडून मरतात. आणि बेडूक हातात घेऊ नका. त्याची त्वचा पाण्यासकट बाहेरचं बरंच काही शोषून घेते. डास पळवायचं मलम लावलेला हात त्याला घातक ठरू शकतो. अंधार पडल्यावर मंद टॉर्च पानांवर फिरवा, फ्लॅश बंद ठेवा. जून ते ऑगस्ट हा चांगला काळ.