प्रोग्रॅमिंग येतं, म्हणजे शिकवताही येतं?

सप्रेम नमस्कार.

मुलगी एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाली, तिला शिक्षिका व्हायचंय; तुम्हाला मात्र तिच्यासाठी पुण्यात आयटीतली नोकरी हवी आहे. 'प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला शिकवायला वेगळं काय लागतं? बीएडची दोन वर्षं फुकट,' असं तुम्ही विचारता. पत्राच्या शेवटी लिहिता, 'हे तिला न सांगता लिहितोय.'

मला खटकलं ते हेच. नातेवाईक काय म्हणतील हे पत्रात दोनदा आलंय, तिला शिकवावंसं का वाटतं हे एकदाही नाही. तुम्ही तिला ते विचारलेलंच नाही, असं मला स्पष्ट दिसतं.

परीक्षांचं थोडक्यात: शाळेच्या वरच्या वर्गांसाठी बीएड आणि टीएआयटी ही राज्याची शिक्षकभरती परीक्षा, सीनियर कॉलेजसाठी नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा.

आता तुमचा गैरसमज. अकरावीच्या मुलांना प्रोग्रॅमच्या या चार ओळी द्या: ए = ५, बी = ७, ए = बी, बी = ए. (इथे '=' म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवा.) बरीच मुलं सांगतील, किमतींची अदलाबदल झाली. खरं तर दोन्हीकडे ७ येतात. नुसतं प्रोग्रॅमिंग येणारा म्हणेल, 'चूक, तिसरं व्हेरिएबल घ्या,' म्हणजे ए-बी सारखी किंमत ठेवायची आणखी एक जागा, आणि पुढे जाईल. जाणता शिक्षक विचारेल, 'तिसऱ्या ओळीनंतर ए मध्ये काय आहे? मग ५ कुठे गेले?' मूल कुठे अडखळणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. विषयाच्या ज्ञानाहून हे ज्ञान वेगळं आहे, हे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये ठामपणे मांडलं. शिक्षकाला ते आहे का, हे तपासायचं तर त्याच्यासमोर मुलाचा चुकलेला प्रोग्रॅम ठेवावा आणि विचारावं: या मुलाच्या डोक्यात काय चाललंय? तुम्ही आता त्याला काय विचाराल? नेटमध्ये पर्याय निवडायचे असतात. पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न येतात, पण ते सगळ्या विषयांच्या उमेदवारांना सारखेच. त्यामुळे नेट पास झालेल्याला कॉम्प्युटर शिकवता येईलच असं नाही, आणि प्लेसमेंट झालेल्याला तर नाहीच नाही.

शिक्षकाचा पगार सुरुवातीला कमी असू शकतो, कायम नोकरीला वेळ लागू शकतो; ही काळजी रास्त आहे आणि ती तिच्याशी उघड बोला. पण हुशार मुलगी शिकवण्यात वाया जाते, हे मला अजिबात मान्य नाही.

बीएडचा फॉर्म भरण्याआधी तिने महिनाभर ओळखीच्या ज्युनिअर कॉलेजात मुलांच्या प्रॅक्टिकलला बसावं, त्यांच्या चुका वहीत टिपाव्यात आणि प्रत्येक चुकीपुढे आपण काय विचारलं असतं ते लिहावं. ती वही मला पाठवायची की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.