ग्रीनहाऊस आणि मालकांचा बंगला

प्रश्न : मी केळीच्या टिश्यू कल्चर रोपवाटिकेत कामाला आहे. परदेशी पाहुण्यांना ‘ग्रीनहाऊस’ दाखवताना मी ‘हाऊस’वर जोर दिला, तर ते मालकांच्या हिरव्या बंगल्याकडे बघायला लागले! चुकलं काय? आणि लांब शब्द तोडायचे कुठे?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : पाहुण्यांनी ऐकलं ते बरोबरच होतं. ‘हाऊस’वर जोर पडला की हिरव्या रंगाचं घर, ‘ग्रीन’वर पडला की रोपांचं. आमच्या शाळेतला ब्लॅकबोर्ड चांगला हिरवागार होता. ‘ब्लॅक’वर जोर दिला की तो फळाच, रंग कुठलाही असो.

आपण मराठीत जोड दाखवायला पहिला शब्द छाटतो. पाणी आणि पोई मिळून पाणपोई, घोडा आणि दौड मिळून घोडदौड. इंग्रजी शब्द छाटत नाही, बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर वजन टाकते. बहुतेक वेळाच, कारण ‘अ‍ॅपल केक’मध्ये जोर अ‍ॅपलवर आणि ‘अ‍ॅपल पाय’मध्ये पायवर! ‘स्टेशन रोड’ म्हणतानाही जोर रोडवर जातो. रोडच्या जागी ‘स्ट्रीट’ आला की मात्र पहिल्या शब्दावर.

दुसरी खोड आपल्या लिपीची. ‘हाऊस’ लिहिलं की आपण हा-ऊस असे दोन ठोके देतो. इंग्रजीत तो एकच ठोका. ‘हौस’ म्हणा, काम होईल. माझी आजी केळीला ‘केयी’ म्हणायची, त्यानं कुणाचं काही अडलं नाही. इंग्रजीत जोराची जागा हलली की अडतं.

लांब शब्द टेबलावर बोटानं वाजवून बघा. इ-रि-गे-शन, चार ठोके, जोर ‘गे’वर. शेवटी ‘शन’ असला की जोर त्याच्या आधीच्या ठोक्यावर, हे डोळे झाकून धरा. रेफ्रिजरेशनमध्ये म्हणूनच ‘रे’वर, शेवटच्या ‘रे’वर बरं का, पण रेफ्रिजरेटरमध्ये ‘फ्रि’वर. शब्दकोशात जोराच्या ठोक्याआधी वर बारीक उभी रेघ असते, ती बघा. काही कोशांत शब्दाच्या पोटात ठिपके असतात. ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा त्यासाठी, उच्चारासाठी नव्हेत. तिथेही जपून. ‘मॅनस्लॉटर’ म्हणजे मनुष्यवध. तो ‘एस’नंतर तोडला तर वाचणाऱ्याला ‘मॅन्स लाफ्टर’ दिसतं, माणसाचं हसू.

केळीच्या ‘ग्रँड नैन’ या जातीला आपल्याकडे ‘जी-नाईन’ म्हणतात. तिथे जोर नाईनवर. ते तुम्ही बरोबरच म्हणत असाल.