भंगारातल्या पोत्यात गावचे फोटो सापडले, आता काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीजवळच्या खेड्यातला, फाईन आर्ट करून सध्या घरीच आहो. मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी भंगारवाल्याकडं एक पोतं दिसलं, आत निगेटिव्हच्या पट्ट्या अन् तीनचारशे फोटो, सगळे घरगुती, कुणाचं डोकं कापलेलं, कुठं कोपऱ्यात बोट आलेलं. किलोच्या भावानं घेऊन आलो. एका फोटोत आमच्याच मारुतीचा पार आहे! बाबा म्हणते दुसऱ्याच्या घरचे माणसं कायले आणून ठेवले. मले यातून काहीतरी कलाकृती करायची आहे, पण हे माझं काम म्हणता येईल का?

उत्तर : अरे, तू ते पोतं उचललंस हेच मोठं काम केलंस, नाहीतर गेलं असतं सगळं. बीजिंगमध्ये असंच व्हायचं, तिथं फिल्ममधली चांदी काढायला निगेटिव्ह ॲसिडात टाकायचे, तर थॉमस सोवँ नावाच्या फ्रेंच माणसानं २००९ पासून त्या किलोवर विकत घेतल्या, ५ लाखांच्या वर जमल्या. एकेक पाहिली तर कुणाच्या तरी घरचा साधा फोटो, पण कितीतरी बायका आपापल्या नव्या फ्रिजजवळ, टीव्हीजवळ उभ्या आहेत हे शेजारी शेजारी लावलं की तेव्हाचा सगळा काळ दिसायला लागतो. त्यानं स्वतः फोटो काढले नाहीत, पण निवडणं आणि लावणं त्याचं, म्हणून ते त्याचं काम. तुझंही तसंच होईल. पोळ्याचे बैल, झूल अन् बेगड लावलेले, दरवर्षी कासरा धरून उभा तोच माणूस, असे सगळे एका ओळीत लावून तर पाहा.

पण तुझ्यात आणि त्याच्यात एक फरक आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. बीजिंगच्या फोटोतली माणसं शोधायची कुठं? तुझी माणसं पाराजवळ बसलेली आहेत. जपानात २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो गावात चिखलातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो काढले, पाण्यानं धुतले, नंबर टाकले, लोक येऊन आपापले शोधून न्यायचे, आणि जे पार खराब झाले, चेहरेच पुसले गेले, ते मुनेमासा ताकाहाशी या फोटोग्राफरनं प्रदर्शनात मांडले. क्रम बघ, आधी परत दिले, मग मांडले. आपल्याकडं ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरानं मोवाड गाव वाहून नेलं, तेव्हा घरांसोबत भिंतीवरचे किती फोटो गेले असतील ते कोण सांगणार. तुझ्या हातात तर कोरडं पोतं आहे.

म्हणून बाबांना सांग, आपण माणसं त्यांच्या घरी पोचवतोय. सगळे फोटो स्कॅन कर, मूळ प्रिंट ज्याचा त्याला दे. आणि लवकर कर रे, नावं सांगणाऱ्या आजीबाया जातायत. बाजाराच्या दिवशी पारावर दोरी बांधून झेरॉक्स टांग, खाली कोरी जागा ठेव, लोक येतील, भांडतील, हा सरपंचाचा काका नाही तो धाकटा भाऊ म्हणतील, ते सगळं मोबाईलवर रेकॉर्ड कर. माझ्या मते तुझ्या कामाचा अर्धा भाग ही बोलणीच आहेत.

हक्काचं म्हणशील तर कागद तुझा, फोटोचा हक्क नाही. आपल्या कॉपीराईट कायद्यात फोटो काढणारा मालक, आणि पैसे देऊन काढून घेतला असेल तर सहसा ज्यानं काढून घेतला तो. पण कायद्याच्याही आधी एक गोष्ट. तिरडीवरचे फोटो सापडतील, एखादा असा चेहरा सापडेल की ज्यानं नापिकीच्या वर्षी स्वतःला संपवलं. तो दोरीवर लावायचा नाही. त्या घरी एकटा जा, आधी बस, पाणी पी, मग दाखव, आणि त्या बाईनं नको म्हटलं तर फाईलमधूनही काढून टाक.

कोपऱ्यातलं बोट, काढणाऱ्याची जमिनीवरची सावली, कापलेली डोकी, काही क्रॉप करू नको, ऑटो कलर मारू नको, तो माणूस तेवढाच आपल्याला भेटतो. लाल पडलेले रंगीत प्रिंट तसेच दाखव. काचेला चिकटलेले ओढू नको, काचेसकट स्कॅन कर. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं वळ उमटतात. निगेटिव्ह कडेनं धर, स्कॅनर नसेल तर दुसऱ्या मोबाईलची पांढरी स्क्रीन फुल ब्राईट करून वर काच थोडी उंच ठेव, तिच्यावर पट्टी ठेवून फोटो घे आणि ॲपमध्ये रंग उलटे कर, कामापुरतं दिसतं. आणि हे सगळं पावसाळ्याआधी कागदी लिफाफ्यात घाल, प्लास्टिकच्या पिशवीत दमट होऊन एकमेकांना चिकटतील.

पाराच्या फोटोत कोण कोण निघालं ते मला नक्की कळव.