पहिल्यांदा घोड्यावर बसताना

भावा, सुट्टीत कोल्हापूरला येऊन पहिल्यांदा घोड्यावर बसायचं असेल तर रंकाळा तलावावरच्या संध्याकाळच्या गर्दीत नको. २० किलोमीटरवर पन्हाळा आहे, तिथं सकाळी लवकर जा. माणसं कमी, घोडाही दमलेला नसतो.

कोल्हापुरी चप्पल कितीही रुबाबदार असली तरी घोड्यावर नको. थोडी टाच असलेला बंद बूट घाल. सपाट चप्पल रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार घुसते आणि माणूस पडला की पाय तिथंच अडकतो. खरा धोका हाच. म्हणून रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा, टाच खाली दाबायची.

घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, तेव्हा मागून जाऊ नकोस. डाव्या खांद्याकडून जा, मानेवर थोपट, मालकाला खोगिराचा पट्टा आवळायला सांग, मगच चढ. पाठीवर जखम असेल किंवा घोडा लंगडत असेल तर सरळ नाही म्हण.

बसल्यावर नवखे लोक लगामाला लोंबकळतात. त्याची कडी घोड्याच्या तोंडात असते रे, त्याला दुखतं! तोल बुडावर सांभाळायचा. भीती वाटली तर खोगीर धर. नजर घोड्याच्या कानांमधून पुढं. पहिल्या दिवशी दुडकीचा, म्हणजे घोडा हळू पळवायचा, हट्ट नको, मालकाला लगाम धरून चालवू दे.

फेरी कुठवर आणि पैसे किती, हे चढायच्या आधीच ठरव. आणि तांबडा-पांढरा रस्सा खाली उतरल्यावरच!