फाटकावरचा चेहरा ओळखू यावा म्हणून

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पेडणे तालुक्यात मांद्रे येथे आमचे जुने कौलारू घर असून मागच्या बाजूच्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. पडवीपासून फाटक सुमारे बारा मीटरांवर आहे. चार कॅमेरे बसवायचे आहेत. दुकानदार म्हणतो की आठ मेगापिक्सेलचे, वायफायवर चालणारे आणि चित्रण कंपनीच्या क्लाउडवर ठेवणारे कॅमेरे घ्या. मुलाचे म्हणणे असे की केबलने जोडायचे साधे कॅमेरे घेऊन घरातल्या संगणकावर मोफत सॉफ्टवेअर टाकू. कोणाचे ऐकावे? (एक वाचक भगिनी)

उत्तर : मुलाचे ऐकावे, मात्र दोन अटींवर, त्यांच्याकडे मी शेवटी येतो. आधी फाटकाचा विचार करू, कारण चार कॅमेऱ्यांपैकी खरी कसोटी तिथल्याच कॅमेऱ्याची आहे.

मेगापिक्सेलचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ सालच्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखता यायचा असेल, तर दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल मिळावे लागतात. पाहण्यातला माणूस ओळखायला १२५ पुरतात आणि कोणीतरी आले आहे एवढेच कळायला २५. दुकानात सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचा कोन व्यापते, म्हणजे बारा मीटरांवर तिच्यापुढे २८ मीटरांहून अधिक रुंद दृश्य असते. आठ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ३८४० आडवे पिक्सेल त्या रुंदीत वाटले, की दर मीटरला १३५ सुद्धा पुरते येत नाहीत. उलट, २५६० आडव्या पिक्सेलांच्या चार मेगापिक्सेल कॅमेऱ्याला ८ मिलिमीटरची लेन्स असली, तर पडवीतूनही २५०ची मर्यादा ओलांडता येते. त्याला केवळ फाटक दिसेल, पण ते नीट दिसेल. अंगणाचा पसारा दाखवायला दुसरा रुंद कोनाचा कॅमेरा आहेच. शिवाय तेवढ्याच आकाराच्या सेन्सरवर जास्त पिक्सेल दाटले, की रात्रीचे चित्र लवकर बिघडते. कॅमेरा अडीच मीटरांपेक्षा फार उंच लावू नये. आपल्याकडे चार महिने माणूस छत्रीखाली असतो आणि कौलांच्या उंचीवरून केवळ छत्र्यांचेच चित्रण होते.

वायफायचा मोह टाळावा. चिऱ्यांच्या जाड भिंतींतून संदेश क्षीण होतो, आणि वायफायच्या कॅमेऱ्यालाही विजेची तार न्यावीच लागते, हे दुकानदार सांगत नाही. एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याच्या पद्धतीला पीओई म्हणतात; तिचे मूळ मानक २००३ सालचे असून त्यात स्विचच्या दर पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात, आणि सामान्य कॅमेऱ्याला त्याच्या निम्म्यानेही भागते. केबलची लांबी १०० मीटरांपर्यंतच ठेवावी. केबल शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे घेण्यापूर्वी तारेचे टोक ब्लेडने खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले तर ती परत करावी. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने पहिला बळी जातो तो कॅमेऱ्याचा नव्हे, तर त्यामागे लोंबकळणाऱ्या जोडाचा. म्हणून प्रत्येक जोड बंद जंक्शन बॉक्समध्ये असावा आणि पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत न जाता तिथूनच ठिबकून जाते.

कॅमेरा निवडताना तो ओएनव्हीआयएफ हे सामाईक मानक पाळतो की नाही, हे विचारावे. २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी सुरू केलेल्या या मानकामुळे एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरला जोडता येतो. त्यातील प्रोफाइल टी या उपप्रकारात एच.२६५ या संकोचन पद्धतीचीही (चित्रण कमी जागेत बसवण्याच्या पद्धतीची) तरतूद आहे, आणि ती जुन्या एच.२६४च्या मानाने जवळजवळ निम्म्या जागेत तेवढेच चांगले चित्र बसवते. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणी बंधनकारक झाली आहे, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

आता सॉफ्टवेअर. झोनमाइंडर हे २००२ पासूनचे मोफत सॉफ्टवेअर अजूनही चालते, विंडोजवर विकतचे ब्लू आयरिस आहे. पण आपल्या घरासाठी मी फ्रिगेट सुचवीन आणि त्याचे कारण माड हे आहे. चित्रातले पिक्सेल बदलले की सूचना पाठवणारी पद्धत पावसाळ्यात निरुपयोगी ठरते, कारण झावळ्या रात्रभर हलतात आणि सकाळपर्यंत फोनवर शेकडो सूचना साचतात. चौथ्या दिवशी माणूस त्या बंद करून टाकतो. फ्रिगेट आधी हालचाल पाहते आणि मग त्या भागात माणूस आहे, कुत्रा आहे की गाडी आहे हे घरातल्याच संगणकावर ठरवते. त्यासाठी लिनक्स ही संगणकप्रणाली आणि तिच्यावर सॉफ्टवेअर चालवण्याचे डॉकर हे साधन यांची थोडी ओळख हवी. संगणकात सहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीची इंटेल चिप असेल तर तिच्यातल्याच ग्राफिक्सवर हे काम भागते. ओळखण्यासाठी कॅमेऱ्याचा कमी दर्जाचा दुय्यम प्रवाह (त्याच चित्राची हलकी आवृत्ती) द्यावा आणि साठवण मुख्य प्रवाहाची करावी, नाही तर संगणक धापा टाकू लागेल.

साठवणीचे गणित सोपे आहे. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट जागा घेतो, चार कॅमेरे १७३. म्हणजे ४ टेराबाइटच्या डिस्कवर सलग तीन आठवड्यांचे चित्रण राहते. डिस्क मात्र सतत लेखनासाठी बनवलेली, नवीच घ्यावी.

पहिली अट अशी, की कॅमेरे इंटरनेटला थेट उघडे पडता कामा नयेत. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली होती. कॅमेऱ्यांसाठी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून देऊ म्हणणाऱ्याला नकार द्यावा. बाहेरून पाहण्यासाठी मुलाने वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खासगी मार्ग, बसवावा. फायबर जोडणीवर पुष्कळदा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. तेव्हा बाहेरून घरापर्यंत थेट पोहोचता येत नाही, आणि वायरगार्डवरच आधारलेले टेलस्केल उपयोगी पडते. दुसरी अट घरातली आहे : चित्रण शोधून पेनड्राइव्हवर कसे काढायचे, हे मुलाखेरीज आणखी एकाला यायलाच हवे. चोरी होईल त्या दिवशी मुलगा पुण्याला असेल.

पाहुण्यांच्या खोल्यांत, न्हाणीघराच्या वाटेवर किंवा त्यांच्या दाराच्या आत डोकावेल असा एकही कॅमेरा नको, आणि बाकीचे कुठे आहेत याची पाटी दर्शनी ठिकाणी असावी.

प्रश्न : फोंडा तालुक्यातील आमच्या देवस्थानात फंडपेटी फोडली गेली. सहा कॅमेरे होते, पडद्यावर चित्रही दिसत होते. परंतु रेकॉर्डरची डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच बंद पडली होती, हे तेव्हा कळले. आता नवी यंत्रणा घ्यावी का? (देवस्थान समितीचे एक सदस्य)

उत्तर : कॅमेरे ठीक असतील तर केवळ डिस्क किंवा रेकॉर्डर बदलावा. आपल्याकडे यंत्राची नव्हे, वहीची उणीव होती. महिन्यातून एकदा कोणीतरी गेल्या आठवड्यातील एखादी वेळ निवडून ते चित्रण प्रत्यक्ष चालवून पाहावे आणि तारीख घालून सही करावी. त्याच वेळी यंत्रातले घड्याळही तपासावे. ते इंटरनेटवरील कालसेवेशी जुळवून ठेवले नाही, तर काही महिन्यांत मिनिटांचा फरक पडतो आणि पुरावा लंगडा होतो.

रेकॉर्डर फंडपेटीशेजारच्या कार्यालयात असेल तर चोर तोही नेईल. तो अग्रशाळेत कुलूपबंद ठेवावा, आणि देऊळ व अग्रशाळा यांच्यामध्ये तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबरची तार टाकावी, म्हणजे मे महिन्यातल्या गडगडाटात एका इमारतीवरचा विजेचा धक्का त्या तारेवाटे दुसरीकडे पोहोचत नाही. हालचाल दिसेल तेवढ्यापुरतेच चित्रण करण्याची सोय ठेवली असेल, तर जत्रेच्या दिवसांत ते सलगच होते. तेव्हा जागेचा हिशेब जत्रेवरून करावा.

घटना घडलीच, तर जुन्यावर नवे लिहिले जाण्यापूर्वी मूळ स्वरूपातील फाइल बाहेर काढावी; पडद्याचा मोबाइलने काढलेला व्हिडिओ तिची जागा घेऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. पूर्वी हेच जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली येत असे. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत, एक यंत्रणा सांभाळणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलीत जराही बदल झाला की बदलणारी तिची आकडेरूपी खूण, नमूद करायचे असते. ती फाइल काढतानाच एसएचए-२५६ पद्धतीने हॅश काढून वहीत उतरवून ठेवल्यास पुढे शंका घ्यायला जागा उरत नाही.

प्रश्न : दिवसा चित्र स्वच्छ असते, पण रात्री पांढरे धुके दिसते. कॅमेरा बिघडला का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : बहुधा नाही. कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्यांचा प्रकाश वळचणीच्या कडेवरून, जवळच्या भिंतीवरून किंवा काचेसमोरच्या कोळिष्टकावरून परत लेन्समध्ये येतो, आणि त्या उबेला किडे आले की त्यांच्यामागे कोळीही येतोच. कॅमेरा वळचणीपासून हातभर पुढे घ्यावा. मऊ फडके दर पंधरा दिवसांनी फिरवावे. एवढ्याने भागले नाही, तर कॅमेऱ्यातले दिवे सेटिंगमधून बंद करून दोन मीटर दूर वेगळा अवरक्त दिवा लावावा. कोळी मग तिथे जाळे विणील.