वाचक विचारतात: हाडं शोधायला होडी कशाला?

प्रश्न: शंभर वर्षांपूर्वी डायनासोरची हाडं शोधणारे लोक म्हणे नदीतून होडीनं हिंडायचे. घोडागाडी सोडून होडी का ओ? रहायचे कुठं, आणि एवढी ठिसूळ हाडं न मोडता आणायचे कशी? आपल्या पंचगंगेला असलं काय सापडंल का? – एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: आधी पंचगंगेचं उरकून घेऊ. आपल्याकडं सगळा काळा कातळ, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट, आणि हाडं टिकायला पाहिजे गाळ, त्यामुळं घाटावर शोधू नका. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला जावा, तिथं हाडं तर मिळालीतच, वर दगड झालेलं शेणसुद्धा मिळालंय!

आता होडी. तुम्ही म्हणताय ती गोष्ट कॅनडातल्या अल्बर्टाची, रेड डियर नदीची. नदीनं गाळाचे थर कापत कापत तीनशे ते पाचशे फूट खोल दरी केलीय, म्हणजे हाडं उघडी पडलीत ती नदीच्या दोन्ही अंगाच्या उतारावर, वरनं गाडी न्यायची तर उतरायलाच वाट नाही. म्हणून १९१० साली न्यूयॉर्कच्या म्युझियमचा बार्नम ब्राऊन यानं सरळ नावच बांधून घेतली, ३० फूट लांब, १२ फूट रुंद, तळ सपाट, दोन्ही टोकांना २२ फुटी वल्हं, आणि ती वल्हं पुढं रेटायला नव्हती बरं का, नुसती दिशा धरायला, कारण पाणीच तासाला चारेक मैलानं ओढून न्यायचं. उलटं वर यायचा विषयच नाही. एखादी जागा मागं सुटली की सुटली.

रहायचं त्याच नावेवर, मधोमध तंबू, त्यात पत्र्याची चूल, आणि राहिलेल्या जागेत सापडंल तो माल, आठ टनापर्यंत. चांगली जागा दिसली की नाव काठाला बांधायची, दिवसभर उतार पालथे घालायचे. ऐकायला पिकनिक वाटती पण डास असले बेकार, की ब्राऊनचा तोंडाला जाळी बांधलेला फोटोच आहे. १९१२ पासनं हाडं शोधणारे स्टर्नबर्ग बापलेकही कॅनडा सरकारच्या वतीनं त्याच भागात उतरले, मग काय, एकाच नदीवर दोन पार्ट्या!

पॅकिंगची आयडिया मात्र त्याच्या आधीची, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी तीच. १८७६ साली अमेरिकेतल्या मोंटानात हेच थोरले स्टर्नबर्ग, म्हणजे बाप, एडवर्ड कोप या हाडांच्या अभ्यासकाबरोबर होते, हाडं हात लावला की भुगा व्हायची आणि प्लास्टर तर जवळ नाही. सामानात तांदूळ मात्र भरपूर, मग त्यांनी तो गचगचीत शिजवून खळ केली, पिठाच्या पिशव्या आणि गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून हाडाभोवती गुंडाळले. वाळलं की कडक कवच. पुढं खळीच्या जागी प्लास्टर आलं, गोणपाट अजून वापरतात.