वसंतातील सागरी पक्षी आणि बागेतले तळे : छायाचित्रणाची प्रश्नोत्तरे

प्रश्न : इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बेम्प्टन कड्यांवर एप्रिलमध्ये टिपलेले गॅनेट (मोठे पांढरे समुद्रपक्षी) नुसते पांढरेफटक दिसतात, पिसे दिसतच नाहीत. लेन्स बदलू का?

उत्तर : लेन्स राहू द्या, गफलत प्रकाशमापनात आहे. चौकटीचा बराचसा भाग गडद समुद्राने व्यापला की कॅमेरा एक्स्पोजर (फोटोसाठी आत घेतला जाणारा प्रकाश) वाढवतो आणि पांढऱ्या पिसांतला तपशील कायमचा जातो, तर ढगाळ आकाशासमोर तोच पक्षी काळवंडतो. पक्षी वेगाने खाली-वर होत असताना कॉम्पेन्सेशनचे (कॅमेऱ्याने ठरवलेले एक्स्पोजर कमी-जास्त करण्याचे) चक्र फिरवत बसण्यापेक्षा मॅन्युअल मोड बरा, कारण उन्हातल्या पांढऱ्या छातीवरून एकदा ठरवलेले एक्स्पोजर ऊन तसेच असेपर्यंत, पार्श्वभूमी बदलली तरी, बरोबर राहते. शटर १/२००० सेकंद ठेवावा. हे कडे सकाळीच उजळतात. वारा पाठीकडून समुद्राकडे वाहत असेल तो दिवस साधावा, कारण वाऱ्याला तोंड देत उतरणारे पक्षी तेव्हा तुमच्याकडे पाहत येतात. डोळ्यावर मात्र नीट फोकस करावा : गॅनेटचे बुबुळ फिकट निळे असते, पण २०२२ च्या बर्ड फ्लूतून वाचलेल्या काही पक्ष्यांचे ते काळे झालेले आढळले आहे.

प्रश्न : घरामागच्या तळ्यात बेडूक आणि टाचण्या (चतुरासारखे नाजूक कीटक) आहेत, पण फोटोत आकाशाची चमकच येते.

उत्तर : पोलरायझरने (लेन्सवर लावायच्या चमक रोखणाऱ्या फिल्टरने) चमक कमी होते, पण एक-दोन स्टॉप प्रकाशही जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश), समोरच्या बाजूला काळी छत्री धरणे हा त्याहून स्वस्त आणि माझ्या मते सरस उपाय. बेडकांना पावलांचा हादरा जाणवतो, तेव्हा आधी जाऊन पोटावर पडून राहावे. एप्रिलअखेर किंवा मेमध्ये सकाळी तळ्याकाठच्या देठांवर लक्ष ठेवावे. लाल टाचणीची अळी पाण्यातून वर चढते, तिची कातडी पाठीवर उकलते आणि चुरगळलेले, दुधी पंख हळूहळू ताठ होत जातात. तेवढा वेळ ती उडू शकत नाही, म्हणून मॅक्रो लेन्ससाठी याहून सोयीची संधी नाही, मात्र देठाला हात लावू नये.

प्रश्न : वेल्समधल्या स्कोमर बेटावर पफिन या समुद्रपक्ष्याच्या बिळाशी बसले तर चालेल का?

उत्तर : नाही. तिथली जमीन बिळांनी पोखरलेली असल्याने वाटेबाहेर पाऊल टाकले तर ती खचते. चोचीत मासे घेऊन आलेला पफिन वाटेत माणूस दिसला की बिळात शिरायला कचरतो आणि तेवढ्यात कुरव मासे हिसकावतात, म्हणून वाटेवरही त्याला रस्ता मोकळा ठेवावा. लहान सुरय या समुद्रपक्ष्याच्या बाबतीत तर ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार घरट्याजवळ त्याला जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने त्रास देणे हा गुन्हा असून तिथल्या छायाचित्रणासाठी परवाना काढावा लागतो.